पडलेली पोथी

कायरोप्रॅक्टरच्या दवाखान्यात माझ्यासमोर बसलेल्या काकूंच्या हातून पोथी निसटली आणि फरशीवर पडली. नंबर लावून बसलेले आम्ही सगळेच तिच्याकडे बघत राहिलो. सगळ्यांच्याच कमरा गेलेल्या आणि काउंटरवरची मुलगी जेवायला गेलेली. पट्टा बांधलेला एक तरुण ओशाळून म्हणाला, "काकू, मला वाकायला मनाई आहे हो." दुसरं काही असतं तर पायाने भिंतीकडे सरकवलं असतं. पोथीला पाय कसा लावणार? आम्ही आपापले पाय तेवढे मागे घेतले.

पाठ दुखायला लागली की जमीन हळूहळू लांब जाते. माझं आधी मुलीला उचलून घेणं सुटलं, मग बुटांच्या नाड्या बांधणं, मग वडीलधाऱ्यांच्या पाया पडणं. आता लग्नकार्यात मी थोरामोठ्यांसमोर जायचंच टाळतो.

माझा नंबर आला. डॉक्टरांनी मला कुशीवर वळवून कमरेला झटका दिला. कट्कन आवाज झाला, अंग हलकं झालं. हा हलकेपणा आठवडाभरही टिकत नाही, हे आता मला पाठ आहे, तरी मी येतो. "आज-उद्या अजिबात वाकू नका," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आलो तर पोथी तिथेच होती. मला सरळ चालताना बघून काकूंच्या चेहऱ्यावर आशा आली.

"तेवढी उचलून देता का?"

मी उभ्यानेच पोथीला हात जोडले आणि तिला वळसा घालून बाहेर पडलो.