पाटीवरचं झाड

मने, मी निघाले त्या दिवशी माझी मोठी बॅग तूच रिक्षात चढवलीस. आई खानावळीच्या दारात पिठाचे हात पदराला पुसत म्हणाली, "तिकडे गप्प बसू नकोस. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात."

माझे गहू इथे जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमध्ये अजून पडूनच आहेत. नववीत शाळा सोडून पोळ्या लाटायला बसले, त्याचं दुःख नाही. आपल्याकडे जेवायला येणाऱ्या इंजिनिअरनेच मला मागणी घातली, इथवर आणलं. यांचे उपकारच आहेत. पण बेकरीत पाव अजून बोट दाखवूनच मागते. आणि तू पुण्यात बसून जपानी बोलतेस.

तेही चाललं असतं. पण आमची इरा. सात वर्षांची. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. निम्मं कळत नाही, मी नुसती मान हलवते. तुला जर्मन येत नाही, म्हणून रविवारी फोनवर तुझ्याशी मात्र घडाघडा मराठी. मी कणीक मळत ऐकते. माझ्या वाट्याची मराठी तू नेतेस, असं वाटतं. खोटं कशाला बोलू?

मागच्या रविवारी तू तिला तुझ्या जपानीतलं 'जुमोकु' शिकवलंस. म्हणजे झाडंच, पण भारदस्त. दिवसभर ती रस्त्यावरच्या प्रत्येक लिंडनच्या झाडाला जुमोकु म्हणत सुटली. संध्याकाळी मला राहवेना. म्हटलं, मलाही शिकव. तिने जर्मनमध्ये सुरू केलं. सवयीने मान हलणार होती, पण या वेळी हलवली नाही. कळलं नाही, म्हणाले, परत सांग.

ती थांबली. कपाळाला आठ्या घालून शब्द शोधले.

"आल्झो... म्हणजे, आई, जुमोकु पाटीवर लिहितात. पुस्तकात. घरी असं नाही बोलायचं. घरी झाडाला नुसतं 'की' म्हणायचं."

"का गं?"

"घरी सगळ्यांना माहीत असतं ना, कुठलं झाड ते."

मग कुंडीतल्या तुळशीला झाड म्हणायचं का, यावर आमचं बराच वेळ भांडण. सगळं मराठीत. मध्येच "अगं, ऐक तर" म्हणाली, थेट तुझ्यासारखं. तेही टोचलंच.

बाहेर मला अजून पाटीवरचे शब्द लागतात, आणि तेही चुकतात. 'कळलं नाही' म्हणायची जिथे भीती वाटत नाही, ते आता माझं घर. ते तुझ्या शब्दामुळे झालं, हे मी विसरणार नाही. पण इराने "मावशीला सांगूया?" म्हणत फोन उचलला, तेव्हा मी तो हळूच काढून घेतला.

"थांब. आधी मला अजून एकदा सांग."