नानांच्या फिक्या रेघा

माझं अक्षर वाईट आहे, शुद्धलेखन त्याहून वाईट. शाळा चौथीत सुटली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, नाना गेले त्याला महिना होऊन गेला. निरोप आला तेव्हा तव्यावर भाकरी होती. ती भाजून घेतली, मग उठले. दारावर आलेले लोक म्हणत होते, देवपुरात कॉम्प्युटर आणला तो नानांनी, केवढा हुशार माणूस... मी पदर तोंडाला लावून ऐकत होते. लोकांना वाटलं, रडते आहे.

नानांचं टायपिंगचं दुकान होतं. त्यांचा डबा मी न्यायचे आणि तो रिकामा होईपर्यंत कोपऱ्यात बसायचे. आमच्यात धाकट्या भावाची बायको जेठाशी बोलत नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी मी तिथे नव्हतेच. त्यांची हुशारी मी तिथे पाहिली. लग्नपत्रिकेत नातेवाइकांची नावं सरळ बसावीत म्हणून ते पडद्यावर चौकटी आखायचे. मग त्या फिक्या रेघा गिऱ्हाइकाला दाखवायचे.

"ह्या दिखी ऱ्हायन्यात ना? काढाना येगळा पन्नास रुप्या पडतीन."

पोरीच्या लग्नाच्या घाईत असलेला माणूस रेघा काढायचे पन्नास देऊन टाकायचा. नाना एक बटण दाबायचे, रेघा गायब. वर असा चेहरा करायचे, जसं काही ऑपरेशन केलं.

एकदा दोंडाईचाहून माझा धाकटा भाऊ आला, त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका करायला. त्याच्याकडूनही पन्नास घेतले. घरचा माणूस म्हणून लाज नाही. पण त्या दिवशी बढाया मारण्याच्या नादात नाना ते बटण दाबायलाच विसरले. मशीनमधून कागद आला, एकही रेघ नाही. पडद्यावर रेघा तशाच. म्हणजे त्या कागदावर कधी उमटतच नव्हत्या...

मी उठले. त्यांच्याशी आयुष्यात बोलले ते एवढंच.

"नाना, रेघा तं तठेच शेतस. कागद साफ निंघना. मंग पैसा कसाना?"

नाना हसले. "आते चौथी शिकेल बाई माले कॉम्प्युटर शिकाडी."

"ऱ्हाऊ दे, अक्का," भाऊ हळूच म्हणाला. सासरी मला त्रास होईल याची त्याला भीती. मलाही तीच होती.

मागे उभं असलेलं एक जुनं गिऱ्हाईक पुढे आलं, त्यानेही पूर्वी पन्नास दिलेले. त्याने कागद पाहिला, पडदा पाहिला. "मनाकडथीन बी लिधात ना तुम्ही, नाना?"

नानांनी घाईने खण उघडला, भावापुढे चाळीस ठेवले. "दहाना चहा पिनात ना तुम्ही."

चहा भावानेच सगळ्यांना पाजला होता. मी डबा धरून उभीच राहिले, हलले नाही. शेवटी नानांनी खिशातून दहाची नोट काढून टेबलावर फेकली. ती मी उचलली आणि भावाच्या हातावर ठेवली. पन्नास पुरे झाले.