रोहण्याचा इंग्रजी पेपर

रोहण्याच्या छायाबाईंनी अठ्ठावीस वर्षं सरकारी कार्यालयात टायपिस्टची नोकरी केली. गावकऱ्याचा मराठी अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जातो आणि इंग्रजीत दोन ओळी आल्या की साहेब खुर्चीत सावरून बसतात, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी 'द रोहणा हेराल्ड' नावाचं चार पानी इंग्रजी साप्ताहिक काढलं.

गाव हसलं. नवरा पुंडलिकराव वावरातून आले तेही म्हणाले, "अथी इंग्रजी वाचते कोन?"

"ज्याईले वाचाले लावाचं हाय, ते वाचते," छायाबाई म्हणाल्या.

अंक आर्वीला प्रफुलच्या छापखान्यात निघायचा. छायाबाई स्वतः पाकिटं भरून वर्ध्या-नागपूरच्या अधिकाऱ्यांना पाठवायच्या. भाची वर्षाली सावंगीला नर्सिंग शिकत होती. तिच्या होस्टेलातल्या केरळच्या, मणिपूरच्या मुली अंक वाचायच्या आणि हौसेनं चुका कळवायच्या.

सातव्या अंकात छायाबाईंनी जवळच्या एका वाडीतल्या शाळेची बातमी दिली. कागदोपत्री दोन नव्या खोल्या, प्रत्यक्षात एकच. तिसरी-चौथीची पोरं निंबाखाली बसत होती. बाईंनी खोली टेपनं मोजून लांबी-रुंदीसकट छापली.

चार दिवसांनी त्या खोल्यांचे ठेकेदार महादेवराव घरी आले. बोलणं गोड होतं. काहीतरी गैरसमज झाला, पुढच्या अंकात एवढा माफीनामा छापा, म्हणत त्यांनी कोणाकडून तरी लिहून आणलेला इंग्रजी कागद पुढं केला. छायाबाईंनी चष्मा लावला, लाल पेन घेतला. सात चुका निघाल्या. 'अपॉलॉजी'चं स्पेलिंगसुद्धा धड नव्हतं. सगळं दुरुस्त करून त्यांनी कागदाचा फोटो काढला आणि कागद परत दिला.

"इंग्रजी सुधरवून देल्लं. सही भेटणार नाई," त्या म्हणाल्या. "दुसरी खोली झाली का सांगजा, तेही छापीन."

महादेवराव कागदाची घडी खिशात घालून उठले. पुंडलिकराव ओसरीवर सगळं ऐकत होते. त्या दिवसापासून पाकिटांवर तिकिटं ते चिकटवू लागले.

प्रफुलनं मात्र मान खाली घालून मशीन बिघडल्याचं सांगितलं. त्याच्या मागं मशीन खडखडत होतं. महादेवरावांचं सगळं छपाईचं काम त्याच्याकडे असायचं. बाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. घरच्या जुन्या टाइपरायटरवर कार्बन घालून त्यांनी तीन दिवसांत साठ प्रती काढल्या. एकच पान, वर खोलीची मापं, खाली तो माफीनामा, चुका आणि दुरुस्त्यांसकट. बोटं सुजली, तरी प्रत्येक पाकीट पोस्टात पडलं.

महिनाभरात वर्ध्याहून एक अधिकारी वाडीत आला. तो बाहेरच्या राज्यातला होता, आणि घडी केलेला अंक त्याच्या हातात होता. पंधरा दिवसांत दुसऱ्या खोलीचा पाया खोदला गेला. ठेकेदार तोच राहिला, याचा बाईंना फार राग आला.

पाठोपाठ वृत्तपत्र नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं, की छापखान्याशिवाय काढलेला अंक नियमात बसत नाही, नव्यानं अर्ज करा. आठ अंकांत पेपर बंद पडला. वर्षाली म्हणाली, आता आराम कर. छायाबाईंनी अर्ज मागवला. त्यात पेपरसाठी पसंतीची तीन नावं लिहायची होती. त्यांनी तिन्ही रकान्यांत 'द रोहणा हेराल्ड' लिहिलं आणि अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवला.