चोविसावं बाळ

दुबईशेजारच्या अजमानात नवीन आलेल्या मराठी माणसानं "आत्माराम खटावकर कुठे राहतात?" असं विचारलं, तर कुणी बिल्डिंगचं नाव सांगत नाही. "ती क्रीम रंगाची लांबलचक कॅप्रिस गाडी उभी दिसेल ना, तिच्या समोरच्या बिल्डिंगीत," असं सांगतात. आत्मारामभाऊ मूळचे मिरजेचे, उंची जेमतेम सव्वापाच फूट, धंदा एसीच्या डक्टिंगचा. गाडी मात्र अठरा फुटांची. स्टिअरिंगमागे बसले की बाहेरून फक्त चष्मा आणि टक्कल दिसतं. याचं भाऊंना कधी काडीचंही वाईट वाटलेलं नाही.

नाद लागला तो शहाऐंशी साली. एसी मेकॅनिक म्हणून आले, पहिल्याच आठवड्यात एका अरबाच्या ब्यूइकचा एसी दुरुस्त करायला बसले आणि तिथेच घायाळ झाले. तो थंडगार वारा, पुढची ती दिवाणासारखी अखंड सीट, आणि बॉनेट तर असं की वर चार पानं मांडून जेवावं. दोन वर्षांनी स्वतःची ब्यूइक घेतली, जुनी, हिरवी. कमलिनीवहिनी लग्नानंतर पहिल्यांदा विमानतळावर उतरल्या, गाडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, अजून कोण कोण यायचंय?" ब्यूइकनंतर मरून रंगाची ओल्ड्समोबिल आली. तिच्या डिकीत इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची सगळी आरास मावायची, वर प्रसादाच्या लाडवांचे डबे. आणि ब्याण्णव साली उम्म अल कुवैनच्या एका म्हाताऱ्या अरबाकडून ही कॅप्रिस. तो म्हातारा जिवंत असेपर्यंत दर ईदला फोन करायचा. आधी गाडीची तब्येत विचारायचा, मग भाऊंची.

पेट्रोलचं मात्र विचारू नका. "दोनशे दिरहम, म्हणजे पावणेपाच हजार रुपये," असं वहिनी दर टाकीला मोठ्यानं सांगतात आणि भाऊ तेवढ्यापुरते बहिरे होतात.

पण कॅप्रिस म्हणजे नुसता पांढरा हत्ती नव्हता, तिला काम होतं. त्र्याण्णव साली शेजारच्या बाईंचं बाळंतपण झालं. टाके दुखत होते, बसवत नव्हतं, आणि बाहेर ऑगस्टचं ऊन. भाऊंनी कॅप्रिस हॉस्पिटलच्या दाराशी लावली, बाई मागच्या सीटवर आडवी झाली आणि घरी येईपर्यंत माय-लेकरू दोघंही झोपलेली. झालं, तेव्हापासून रिवाजच पडला. मंडळातलं बाळ घरी यायचं ते भाऊंच्या कॅप्रिसमधून. एका कुटुंबानं शहाणपणा करून स्वतःच्या नव्या गाडीतून बाळ नेलं, ते तीन महिने रात्रभर रडलं. त्याच्या आजीनं अजून कुणाला माफ केलेलं नाही. समोरच्या कप्प्याच्या झाकणाला आतून वहिनी पेननं एकेक नाव लिहीत गेल्या. तिसरं नाव इशिता, त्यांची स्वतःची लेक. शेवटचं तेविसावं. मग मंडळातली पोरं मोठी झाली, त्यांच्या स्वतःच्या गाड्या आल्या आणि यादी तिथेच थांबली.

आता इशिताला दिवस गेले होते. मार्चअखेरची तारीख दिली होती. बाळंतीण माहेरी येणार हे ठरलेलंच, आणि भाऊंच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली, की चोविसावं बाळ म्हणजे आपलं नातवंड कॅप्रिसमधूनच घरी यायचं. घोडं पेंड खात होतं ते एका ठिकाणी. गुडघ्याच्या ऑपरेशनपायी गाडी दोन वर्षं ताडपत्रीखाली होती आणि तिची मुल्किया, म्हणजे नोंदणीचं कार्ड, कधीच संपलं होतं. पासिंग झाल्याशिवाय ती रस्त्यावर येणं शक्य नव्हतं.

इशितानं तर फोनवर निकालच लावला. "बाबा, नो पासिंग, नो बेबी. ॲंड अ प्रॉपर कार सीट. फायनल."

"अगं, तू स्वतः त्याच गाडीतून आलीस."

"आय डिडन्ट हॅव अ चॉइस," ती म्हणाली.

गाडी रिकव्हरीच्या ट्रकवर चढवून दुबईत अल क्वोजला उझैरभाईंच्या गॅरेजात गेली. उझैरभाई पेशावरचे, दाढी पांढरी, हात काळे, आणि जुन्या अमेरिकन गाडीचा आवाज ऐकूनच दुखणं सांगणारा माणूस. दोन महिने लागले. ब्रेक नवे, होजपाइप नवे, दिवे नवे. एसीला मात्र भाऊंनी कुणाला हात लावू दिला नाही, ते काम स्वतः केलं. वीस मार्चला गाडी टेस्टिंगला उभी राहिली. ब्रेक पास, दिवे पास, धूर पास. भाऊंनी खिशातून पेढ्यांचा डबा काढायला हात घातला, तेवढ्यात इन्स्पेक्टरनं बॉनेट उघडलं.

तरुण अरब पोरगा होता, हसतमुख. टॉर्च मारून वाकला, बोटानं चाचपलं आणि विचारलं, "अंकल, चेसिस नंबर किधर है?"

आजवर दर पासिंगला डॅशबोर्डवरची नंबराची पट्टी पुरायची, पण ती मागच्या पासिंगनंतर डॅशबोर्ड बदलताना हरवली होती. उरला होता तो चेसिसच्या लोखंडात ठोकलेला नंबर. तो जिथे असायला हवा होता तिथे एक तांबडा-काळा थर होता, करंगळीएवढा जाड, दगडासारखा कडक.

"ये क्या लगाया? नंबर छुपाया?" पोरगा आता हसत नव्हता. चौदा दिवसांत नंबर स्वच्छ दाखवा. घासलेला, खोडलेला निघाला तर गाडी भंगारात. खलास.

थर कसला होता हे भाऊंना बघताक्षणी कळलं. कुंकू. चौतीस दसऱ्यांचं, तिळाच्या तेलात कालवलेलं कुंकू.

गाडी पुन्हा उझैरभाईंकडे सोडून घरी आले ते तणतणतच. "तुझ्या कुंकवानं घात केला माझा. अख्खी गाडी पडली होती, तुला नेमका नंबरच सापडला?" वहिनी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या दसऱ्याला मी विचारलं होतं, कुंकू कुठे लावू. तुम्ही बॉनेट उघडून दाखवलंत. म्हणालात, हा नंबर जगात दुसऱ्या कुठल्या गाडीचा नाही, हेच हिचं नाव आणि हेच हिचं कपाळ."

भाऊंना आठवलं. अगदी शब्दन् शब्द आठवला. पण चूक कबूल करणं खटावकरांच्या सात पिढ्यांत कुणाला जमलेलं नाही, तेव्हा भाऊ न जेवता गॅलरीत जाऊन गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघत बसले.

सकाळी उझैरभाईंचा फोन. ग्राइंडर मारला की दोन मिनिटांत साफ होईल, पण खालचे आकडेही जातील. पुढे जे म्हणाले ते जास्त वाईट होतं. "साहब, दिल छोटा मत करना, पर समंदर के पास की गाडी है. चालीस साल पुरानी. नीचे नंबर बचा होगा, ऐसा मुझे नहीं लगता. तीन गाडियाँ इसी में भंगार गईं."

त्याच वेळी रुपेशचा, म्हणजे जावयाचा, मेसेज आला. इशिताला हॉस्पिटलात नेलंय. तारखेच्या आठ दिवस आधीच, पण संध्याकाळपर्यंत वेळ आहे म्हणतात.

वहिनी दोन्हीकडे निघाल्या. लेकीकडे संध्याकाळी, आधी अल क्वोजला. पिशवीत स्टीलची वाटी, तिळाचं तेल, कापूस आणि उदबत्तीच्या काड्या. "तेलात कालवलेलं तेलातच सुटतं. देव्हाऱ्यातल्या मूर्ती काय ग्राइंडरनं घासते मी?" गॅरेजातल्या हीटरवर तेल कोमट करून त्यांनी कापसाच्या घड्या थरावर ठेवल्या आणि स्टूल ओढून बसल्या. तासाभरानं वरचा पापुद्रा सुटला. मग काडीनं एकेक रेघ, एकेक आकडा. भाऊ टॉर्च धरून उभे होते. पाठीला रग लागली तरी वहिनी उठल्या नाहीत.

तीन तासांनी पहिला आकडा दिसला. मग दुसरा, मग ओळीनं सगळे. आजूबाजूचं लोखंड गंजून खपल्या धरलेलं, आणि नंबराची तेवढी पट्टी कारखान्यातून काल आल्यासारखी लख्ख. चौतीस वर्षं समुद्राची खारी हवा तेलाच्या थरापलीकडे गेलीच नव्हती. उझैरभाई बराच वेळ वाकून बघत राहिले. "साहब," ते म्हणाले, "गाडी मैंने नहीं बनाई. भाभी ने बचाई है."

भाऊंचे डोळे भरून आले होते. वहिनींनी एकदा वर बघितलं. मग त्या कापसाचे बोळे गोळा करत राहिल्या.

संध्याकाळी नात झाली. दुसऱ्या दिवशी टेस्टिंगला तोच पोरगा होता. त्यानं टॉर्च मारली, आकडे जुळवले, दोनदा जुळवले, आणि एवढ्या जुन्या गाडीवर एवढा स्वच्छ नंबर आपण पाहिलाच नाही म्हणाला. "क्या लगाया था, अंकल?" भाऊंनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. "मेरी बीवी ने लगाया था," एवढंच सांगितलं. शिक्का बसला, मुल्किया हातात आली.

तिसऱ्या दिवशी कॅप्रिस हॉस्पिटलच्या दाराशी लागली. रुपेशनं बाळाची सीट पट्ट्यानं घट्ट बांधली, दोनदा हलवून बघितली आणि आपल्या गाडीतून मागे यायला निघाला. तरीही उरलेल्या जागेत इशिता पाय लांब करून बसू शकत होती. सगळे बसले, पण भाऊंनी गाडी चालू केली नाही. ते खाली उतरले, सगळ्यांदेखत बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "कमल, कुंकू आणलंयस ना?"

आणलं होतं. पर्समध्ये डबी होती आणि तेलाची छोटी बाटलीही, पण बाहेर काढायचा धीर झाला नव्हता. "नको हो. पुन्हा पासिंगला अडकेल."

"अडकू दे. पुन्हा तू सोडवशील." भाऊ म्हणाले. "चुकलं माझं, कमल. त्या दिवशी उगाच बोललो. लाव, नंबरावरच लाव. आणि चांगलं जाड लाव." सात पिढ्यांची परंपरा हॉस्पिटलच्या पार्किंगात मोडली. वहिनींनी तेलात कुंकू कालवलं, बोट टेकवलं आणि पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसले.

हायवेला सगळ्यात उजव्या, म्हणजे तिथल्या हळू गाड्यांच्या लेनमधून गाडी निघाली. मागचे हॉर्न मारत होते. "वाजवा," भाऊ म्हणाले, "यल्ला, वाजवा. माझी नात झोपलीय." आणि खरंच, ती झोपलीच होती.

"बाबा, दिस एसी इज टू गुड," मागून आवाज आला. भाऊंची छाती स्टिअरिंगला टेकायची तेवढी राहिली.

अजमानच्या आतल्या रस्त्याला लागल्यावर वहिनींनी समोरचा कप्पा उघडला, पेन काढलं आणि तेविसाव्या नावाखाली चोवीस आकडा घातला. पुढे काय लिहावं, बारसं तर अजून व्हायचंय, म्हणून त्या थांबल्या. इशिता मागून वाकून यादी वाचत होती. तिसऱ्या ओळीवर तिची नजर थांबली, शाई फिकी झालेली. आणि जन्मभर आईबापांना इंग्रजीतून उत्तरं देणारी ती पोरगी मराठीत म्हणाली, "आई, खाली नको. माझ्या नावाशेजारी जागा आहे बघ. तिथे लिही, इशिताची मुलगी."

वहिनींचा हात हलू नये म्हणून भाऊंनी वेग आणखी कमी केला. मागे अर्धं अजमान हॉर्न वाजवत होतं.