मलकापूरचा फोन कोणी अडवला होता?

"ती पोरगी रिसीव्हर काढून ठेवती आन् कॉम्प्युटरवर गप्पा हाणत बसती. चारदा लावला मी, चारदा एंगेज! माझं रेडकू गेलं की हो!"

बाबूराव पाटील आमच्या दूध संघाचे सभासद. त्यांची म्हैस सकाळी अडली होती. गावातल्या एसटीडी बूथवरून त्यांनी संघाच्या मलकापूर येथील पशुवैद्यकीय केंद्राला फोन लावला. तो लागला नाही. डॉक्टर उशिरा पोहोचले. म्हैस वाचली, रेडकू गेले. संघाचा संगणक विभाग माझ्याकडे होता, म्हणून कार्यकारी संचालकांनी त्यांना कोल्हापूरच्या कार्यालयात थेट माझ्या टेबलापुढे आणून उभे केले होते.

'ती पोरगी' म्हणजे केंद्रातील लिपिक सुनंदा कांबळे. पाच वर्षे रोजंदारीवर होती. कायम करावयाच्या यादीत तिचे नाव त्याच महिन्यात आले होते. सोमवारच्या बैठकीत ते खोडले जाणार, हे मला बाबूराव जिना उतरण्यापूर्वीच कळले.

या प्रकरणाच्या दोन हकिकती आज प्रचलित आहेत. संघाच्या स्मरणिकेत 'टेलिफोन खात्याच्या सहकार्याने बिघाड दूर झाला' असे छापले आहे. केंद्राचे तत्कालीन प्रमुख डॉ. साळोखे यांनी निवृत्तीच्या भाषणात 'आपण चॅटिंग बंद केले आणि फोन लागू लागला' असे सांगितले आणि टाळ्या घेतल्या. दोन्ही हकिकती धादांत असत्य आहेत. तेथे मी होतो. स्मरणिकेचे संपादक नव्हते.

लाइनमन येऊन गेला होता, हे खरे. तो दुपारी आला. "लाइन एकदम टकाटक हाय," असे म्हणून चहा पिऊन गेला. फोन बंद पडे तो सकाळी, सात ते दहा. डॉक्टरांचा निष्कर्ष तयार होता. ते मला फोनवर म्हणाले, "लाइन चांगली, कॉम्प्युटर महिन्यापूर्वीचा, कोरा करकरीत. मग दोष कुणात राहिला? माणसात!"

मला हा हिशेब पटेना. दोष माणसात असेल, तर नेमका नवा संगणक आल्यानंतरच तो का उपजावा? जुन्या संगणकावरही हीच सुनंदा बसत होती.

गुरुवारी सकाळच्या पहिल्या एसटीने मी मलकापूर गाठले. केंद्रात एकच टेलिफोन लाइन होती. ती आधी मॉडेममध्ये जाई आणि तेथून पुढे फोनला. मॉडेम म्हणजे संगणकाला टेलिफोनवरून इंटरनेटशी जोडणारी पेटी. तिने लाइन धरली की फोन मुका होतो आणि बाहेरच्याला एंगेज टोन ऐकू येतो. परंतु मॉडेम डायल करताना किंचाळतो. तो किंचाळला असता, तर कोणाच्या तरी कानावर गेले नसते का?

येथे एक गोष्ट नमूद करतो, जी दोन्ही हकिकतींत नाही. मॉडेमचा आवाज मीच बंद केला होता. "ती किरकिर नको बुवा, जनावरं बुजतात," असे डॉक्टर म्हणाले आणि मी सेटिंग बदलून दिले.

मी तो आवाज पुन्हा सुरू केला. सुनंदाला म्हणालो, "तू रोज करतेस तेच कर. मी नाही असे समज."

तिने उदबत्ती लावली. संगणक सुरू केला.

"इतक्या लवकर? काम तर दुपारी असते ना?"

"डॉक्टरांचा नियम हाय, सर. जीप कशी निघायच्या आधी तापवतात, तसं मशीन तापू द्यायचं. समदं उघडून ठेवायचं. दहाला बंद करून चारला अहवालापुरतं परत लावायचं."

ती खुर्चीवर टेकली, हात मांडीवर ठेवले, आणि मॉडेम किंचाळला. ती दचकून उभी राहिली.

"मी काय बी केलं न्हाय, सर! शप्पथ!"

"मला दिसते आहे. बस."

पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, दोन चिमुकल्या बाहुल्यांचे चित्र होते. मी विचारले, हे काय?

"आल्यापासनं हाय. मला वाटलं, शोभेचं असंल."

शोभेचे नव्हते. तो मेसेंजर होता, म्हणजे परगावच्या माणसाशी टंकलिखित गप्पा मारण्याचा प्रोग्राम. तो कोणी मागितला नव्हता. संगणकासोबत आतच भरून आला होता. संगणक सुरू झाला की तो आपणहून उठे, इंटरनेट शोधी आणि लाइन धरून बसे. आपोआप डायल करण्याची परवानगीही मीच देऊन ठेवली होती, कारण दुपारी चारचा अहवाल आपोआप कोल्हापूरला जावा लागे. ती काढली असती तर अहवाल थांबला असता. म्हणजे गप्पा मारणारे केंद्रात कोणी होते, हे खरे. ती सुनंदा नव्हती.

मेसेंजरच्या सेटिंगमधील 'सुरुवातीला चालू हो' ही खूण मी काढली आणि कार्यालयाला कळवले की प्रश्न सुटला. शुक्रवार निर्वेध गेला. शनिवारी डॉक्टरांचा विजयी फोन आला. "साहेब, पुन्हा एंगेज! मी काय सांगत होतो?"

शुक्रवारी डॉक्टर रजेवर होते, म्हणून 'समदं उघडून ठेवणे' झाले नव्हते. शनिवारी सुनंदाने नियमाप्रमाणे ईमेलचा प्रोग्राम उघडला आणि त्याने मेसेंजरला उठवले. दोघे एकाच घरचे. संगणकातील प्रोग्राम काढून टाकण्याची एक यादी असते. तीत मेसेंजरचे नावच नव्हते. विक्रेत्याला विचारले.

"ते निघत न्हाय हो, काका. कंपनीचं असतं ते."

"संगणक संघाचा आहे."

"संगणक तुमचा. आतलं कंपनीचं."

या वाक्याने मी शनिवारभर अस्वस्थ होतो. जे विकत घेतले त्यातून नको ते काढता येत नाही, हा कुठला व्यवहार?

उत्तर माझ्याच घरात पडले होते. एका संगणक मासिकासोबत सीडी आली होती. तीत सर्व्हिस पॅक होता, म्हणजे कंपनीने नंतर पाठवलेली दुरुस्ती. मासिकात लिहिले होते की अमेरिकेत सरकारने या कंपनीला न्यायालयात खेचले, आणि त्यातील तडजोडीनुसार आतच भरलेले प्रोग्राम नजरेआड करण्याची सोय कंपनीला ग्राहकाला द्यावी लागली. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. तेथील वकिलांनी मलकापूर कशाला पाहिले असेल!

रविवारी सीडी घेऊन गेलो. ती चढायला तासाहून अधिक लागला. यादीत एक नवी ओळ उगवली, तीत मेसेंजरचे नाव, आणि त्यापुढे एक खूण. ती काढली. संगणक सुरू केला, ईमेल उघडला. बाहुल्या नाहीत. मॉडेम गप्प. मी समोरच्या बूथवरून केंद्राला फोन लावला. पहिल्याच घंटीला सुनंदाने उचलला.

"हॅलो, पशुवैद्यकीय केंद्र."

"मीच बोलतोय."

"लागला की हो, सर!" एवढेच म्हणाली.

सोमवारी मी लेखी अहवाल ठेवला. पहिल्याच परिच्छेदात मॉडेमचा आवाज कोणी बंद केला, हे लिहिले होते. कार्यकारी संचालकांनी तो वाचून चष्मा काढला.

"म्हणजे अमेरिकेच्या सरकारनं सांगितलं म्हणून आपला फोन लागला?"

"त्यांनी बटण दिले, साहेब. दाबावे आपल्यालाच लागले."

"आणि तो प्रोग्राम गेला?"

"गेला नाही. आतच आहे. फक्त झोपवला आहे."

यादीतील नाव राहिले. बाबूरावांना मी पत्राने कळवले. पुढच्या वेळी केंद्रात आले तेव्हा ते सुनंदाच्या टेबलावर खरवसाचा डबा ठेवून गेले.

काही महिन्यांनी मी मलकापूरला गेलो. दुपारी चारला मॉडेम कर्कश किंचाळला. डॉक्टर वैतागले, "अहो, बंद करा ना ते!" मी सुनंदाकडे पाहिले.

"असू दे, सर," ती म्हणाली. "ते वरडतंय तवर माझं नाव कोण घेत न्हाय."

मी आवाज बंद केला नाही. त्यानंतर संघातील एकाही मॉडेमचा केला नाही.