पिवळा झगा आणि काकांची होडी

माझी मावशी धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत बसायची. नोट हातात आली की उजेडात धरून बघायची, दूध घेताना आधी वास घ्यायची, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय गिळायची नाही. सगळे तिला खात्रीमावशी म्हणत. तिचे यजमान, म्हणजे काका, समोरच्या बेटावर होडीने माणसं न्यायचे.

त्या उन्हाळ्यात बेटावर सिनेमावाले आले. गाण्यांचा सिनेमा, आणि नायिका म्हणून एक नावाजलेली पॉप गायिका. जिवंत नारळाच्या झाडांना त्यांनी कागदाची लाल फुलं बांधली. मावशी म्हणाली, "जी माणसं झाडालासुद्धा सोडत नाहीत, ती कोणाला सोडणार?"

काकांची होडी त्यांनी महिनाभरासाठी ठरवली. आठवड्याभरातच काकांनी मिशी काढली.

"उकडतं," काका म्हणाले.

"इतकी वर्षं थंडी वाजत होती का?"

मग त्यांच्या अंगाला साबणाचा नाही, कसल्यातरी क्रीमचा वास यायला लागला. एकदा सदऱ्याच्या कॉलरला लांब सोनेरी केस सापडला. काका घरातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालू लागले. मावशीचं जेवण तुटलं. खिडकीत बसल्या बसल्या ती बेटाकडे बघत राहायची, आणि लोक तिच्याकडे.

एका दुपारी खिडकी शेजारणीवर सोपवून ती मासेवाल्यांच्या होडीतून बेटावर गेली. खडकांमागून वाकून पाहिलं. लाटांवर काकांची होडी होती, आणि तीत पिवळा झगा घातलेली गायिका एकटी, उभ्याने वल्हं मारत होती. काकांचा पत्ता नव्हता. होडी काठाला लागली. गायिकेने खाली उतरून डोक्यावरचे केस ओढून काढले आणि खाली काकांचं टक्कल चमकलं.

मावशी सरळ वाळूत जाऊन उभी राहिली. काकांनी झगा गुडघ्याखाली ओढला.

"पाय कोणी गुळगुळीत केले?" तिने विचारलं.

"मेकअपवाल्या बाईंनी."

तेवढ्यात छत्रीखालून खरी गायिका आली. तसाच झगा, अनवाणी. लहानपणी ती बुडता बुडता वाचली होती, गुडघाभर पाण्यातही तिला उभं राहवत नसे. पण पोस्टरवर छापलं होतं, सगळं ती स्वतः करते. "बाई, हे बाहेर गेलं तर माझं काम संपेल," ती म्हणाली. "यांनी मला शब्द दिलाय."

मावशीने तिच्या पायांकडे पाहिलं. लाट जवळ आली तशी ती पोरगी खरंच मागे सरली. दुसरी आली, पुन्हा सरली. तिसरी बघून झाल्यावर मावशी म्हणाली, "मी सांगणार नाही."

सिनेमा गावात लागला तेव्हा होडीच्या गाण्याला लोकांनी शिट्ट्या मारल्या. मध्यंतरात शेजारीण मावशीच्या कानाशी लागली, "भावोजींनी मिशी उगाच नव्हती काढली. सगळं गाव बोलतंय." मावशी एक वाक्य बोलली असती तर तोंडं बंद झाली असती. ती पडद्याकडे बघत बसली. पुढे कित्येक वर्षं बायका तिच्याशी जरा जास्तच मायेने बोलायच्या. ते तिला जास्त लागायचं.

काका गेल्यावर एकदा तो सिनेमा टीव्हीवर लागला, तेव्हा तिने मला हे सांगितलं. होडी आली तशी ती टीव्हीजवळ सरकली. "बघ, लाट आली की डावा खांदा आधी टाकतात ते."

"मावशी, तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"शब्द त्यांनी दिला होता. मी कशी मोडणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन आला. कोणाला बोललीस का, एवढंच तिने विचारलं. मी नाही म्हणाले. "एकालाही नाही?" तिने पुन्हा विचारलं.