तीन अक्षरांचा नारळ

वही निळ्या पुठ्ठ्याची होती. आमच्या गावातल्या ज्यू मावशींनी ती हिब्रू शब्दांनी भरून माझ्यासाठी पाठवली. मावशी वीस वर्षं इस्राएलला राहून म्हातारपणी गावी परतल्या होत्या. घरात त्या मराठीच बोलत. मी चौथी शिकलेली, म्हणून त्यांनी सगळं आपल्या मराठी अक्षरात, मोठं मोठं लिहिलं होतं.

मी तेव्हा दुबईजवळ अल ऐनला एका अरब घरात त्यांच्या आजीला सांभाळायची. सगळे तिला मामा, म्हणजे आई म्हणत, म्हणून मीही. आमचे हे दुबईत इमारतींच्या शटरिंगचे सुतार होते. मंदी आली, क्रेन जिथं होत्या तिथंच उभ्या राहिल्या आणि यांच्या कंपनीनं सगळ्यांना घरी धाडलं. पुढं मामाच्या मुलाचाही जमिनीचा धंदा बसला. तो म्हणाला, घरात कामाला दोघी ठेवणं आता जमणार नाही, रमजान संपेपर्यंत राहा, मग खलास. वाईट माणूस नव्हता. बोलताना माझ्याकडे पाहत नव्हता.

यांनी मुंबईत एक एजंट गाठला. इस्राएलला म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला बायका हव्या होत्या. एकच सीट उरली होती आणि फोनवर हिब्रूत परीक्षा द्यायची होती. घरी दोन मुली शाळेत जाणाऱ्या आणि यांच्या हाताला काम नाही. आमचं सगळं त्या एका सीटवर आलं होतं.

वहीच्या पहिल्या पानावर मावशींनी लिहिलं होतं, ‘पोरी, घाबरू नकोस. या भाषेत तीन अक्षरं म्हणजे एक नारळ. दूध काढ, चटणी कर, करंजीत घाल, नारळ तोच.’ खाली नारळ मांडले होते. श, म, र : शोमेर म्हणजे राखणदार, श्मिरा म्हणजे राखण, मिश्मेरेत म्हणजे कामाची पाळी. क, त, ब (क चा कधी ख होतो, ब चा व) : मिख्ताव म्हणजे पत्र, क्तोवेत म्हणजे पत्ता. किताब, ऑफिसला मक्तब, हे शब्द मी मामाच्या घरात रोज ऐकत होते, त्यामुळे तो नारळ ओळखीचा निघाला. श, ब, र या नारळाचा शावूर म्हणजे मोडलेला, आणि मश्बेर म्हणजे मोठं संकट. त्याच्यापुढं मावशींनी लिहिलं होतं, ‘तुमच्या दुबईत आलंय ते.’

यांनी बजावलं होतं, अरबाचं घर आहे, इस्राएलचं तिकडं कुणाला सांगू नकोस. वही मी तांदळाच्या पिंपात ठेवायची. आंघोळीचं पाणी सोडताना, इस्त्री करताना शब्द पुटपुटायची. रविवारी यांचा फोन यायचा.

“किती झाले?”

“दोनशेच्या वर.”

“मोठ्यानं बोल बघू.”

“घरात माणसं आहेत.”

“अगं, मुंगीसारखी बोललीस तर सीट जाईल. देवळात आरतीलासुद्धा तुझा आवाज येत नाही, टाळीच तेवढी येते.”

खरंच होतं ते. मोठ्यानं बोलायला मला एकच माणूस सापडलं, मामा. ती दिवसभर खाटेवर. तिच्या केसांना तेल लावताना मी म्हणायची, रोश, म्हणजे डोकं. ती हसून म्हणायची, “ला, ला!” म्हणजे नाही, नाही, “रास!” हाताला याद म्हटलं की ती म्हणे ईद. पाण्याला मायीम म्हटलं की माय. तिला वाटायचं, ही माझ्या गावची बोली आहे आणि आमच्याकडं अरबीची अशी दुर्दशा झाली आहे. ती मला सुधारायची आणि तिचं मन राखायला मीही तिच्यामागून म्हणायची. रोज हेच. तिला करमायला लागलं होतं. माझा मात्र प्रत्येक नारळ तिच्या हातून फुटत होता, हे मला कळलं नाही.

परीक्षेचा फोन दुपारी आला. मी धुणं वाळत घालायच्या गच्चीवर गेले. तिकडून एक मराठी बाई आधी म्हणाली, “घाबरू नका हं, ताई.” मग हिब्रूत बोलायला लागली. नाव विचारलं, सांगितलं. काय काय येतं विचारलं, सांगितलं. आवाज बारीक होता, पण होता. मग ती म्हणाली, मी म्हातारी आहे, डोकं दुखतंय, उठायला बघतेय, तुम्ही काय म्हणाल? मला शब्द न् शब्द समजला. लेआत लेआत, म्हणजे हळूहळू. श्वी, म्हणजे बस. पानसुद्धा डोळ्यांपुढं होतं.

“श्वय श्वय, मामा,” मी म्हटलं. “ईलसी. रासिच...”

ती मराठीवर आली.

“ताई, हे अरबी आहे.”

“हो. नाही. चुकलं. पुन्हा सांगते.”

मी पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा मामाचं हळूहळू, श्वय श्वयच आलं. दोनदा आलं.

“तुमचं समजतंय मला,” ती म्हणाली. “पण तिथली एखादी म्हातारी अंधारात जागी झाली आणि कानाशी अरबी ऐकलं, तर ती घाबरेल हो. मी कसं पाठवू?”

तिनं लगेच फोन ठेवला नाही. मग ठेवला.

हे रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, “बरं. ये मग.” त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

निघायच्या दिवशी मी मामाचे केस विंचरले. पिशवी दाराशी होती, तिला सगळं समजलं होतं. तिनं माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला आणि मला खूश करायला माझ्या गावच्या बोलीत म्हणाली, “रोश.”

मी “रास” म्हटलं. आमच्या गावात डोक्याला डोकं म्हणतात, हे तिला सांगायला माझ्याकडं वेळ होता, पण मी सांगितलं नाही.

वही आता इथं गावी आहे. मावशी भेटल्या की विचारतात, आठवतं का गं काही? मी म्हणते, नाही.